बाहेर जायला व्हईना

मावशींनी मला सांगितलं होतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे धीर सुटला तरी एवढं कागदावर राहील. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, नवऱ्यासमोर सांगितलं, आणि मी हातभर अंतरावर बसून ते ऐकलं. ऐकून मी त्याचा विनोद केला.

मी घरोघर जाऊन फिजिओथेरपी करतो. मंचरला माझी एक खोली आहे, पण तिथवर येणारे थोडे. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली बरीचशी दुखणी अशी असतात की माणसाला एसटीची पायरीच चढता येत नाही. तेव्हा मीच मोटरसायकल काढतो. मागे काळी बॅग बांधलेली असते. तिच्यात शेकायची पिशवी, रबरी पट्टे आणि करंटचं मशीन. लोक मला मशीनवाले डॉक्टर म्हणतात. मी औषधं देणारा डॉक्टर नाही, हे सुरुवातीला समजावून पाहिलं, मग सोडून दिलं. व्यायाम कोणालाच नको असतो, मशीन सगळ्यांना हवं असतं.

या मावशी माझ्या पेशंट. त्यांचं घर शिनोलीत, भीमाशंकरच्या रस्त्यावरून जरा आत. मूळ डोंगरातलं, वरच्या अंगाचं कुटुंब. भाताची खाचरं अजून तिकडेच. घरात मावशी, काका आणि सून. मुलगा चाकणच्या कंपनीत, तो पंधरवड्याने यायचा. आवणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोपं लावताना मावशींच्या कमरेत चमक भरली आणि ती उजव्या पायातून घोट्यापर्यंत उतरली. मणक्यातली गादी सरकली होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या खाटेवर कुशीला पडून होत्या.

"आधी काही उपचार केले?" मी विचारलं.

"केले की," काका म्हणाले. "सून पायाळू हाय आमची. तिनं पाय लावला."

आमच्याकडे कमरेत उसण भरली की पायांकडून जन्मलेल्या माणसाचा पाय कमरेला लावून घेतात. सून दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती.

"सुनेच्या लाथा खाऊन झाल्या," मावशी पडल्या पडल्या म्हणाल्या. "आता तुमचा करंट. आजून काय काय खायचंय कुनास ठाव."

"लाथ न्हाई हो, नुसता टेकवला," सून घाईने म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. मावशींचा स्वभावच तसा. दुखणं असलं तरी जीभ शाबूत.

तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा त्या उताण्या झोपल्या होत्या. उताणं झोपता येतंय हे बघून मला बरं वाटलं. "दुखणं कसं आहे?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "दुखायचं थांबलंय. पन पाय मुका झाल्यासारखा वाटतोय." यातलं पहिलं वाक्य मी घेतलं आणि दुसरं सोडून दिलं. दुखणं थांबलं म्हणजे माझं मशीन लागू पडलं, असं मला वाटलं. वाटून घ्यायला आवडलं, असं म्हणतो.

कंबरदुखीच्या माणसाला एक प्रश्न न चुकता विचारायचा, असं आम्हाला शिकवलेलं असतं. लघवी-परसाकडे नीट होतं का? मणक्याच्या तळाशी नसांचा एक जुडगा असतो. तो चेपला गेला तर लघवी अडते, बसायची जागा बधिर होते, आणि मग मिनिटामिनिटाला पाय आणि लघवी दोन्ही कायमची जायची भीती असते. हे मला पाठ होतं. पण घरात नवरा बसलेला, सून दारात उभी, समोर माझ्यापेक्षा वयाने मोठी बाई, अशा वेळी तो प्रश्न माझ्या तोंडून निघायचा नाही. कधीपासून कोण जाणे, मी त्याच्या जागी एक गुळगुळीत प्रश्न ठेवून दिला होता.

"बाकी काही त्रास नाही ना?"

मावशींनी एकदा काकांकडे पाहिलं, मग छताकडे. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "कालपासनं बाहेर जायला व्हईना."

मी मशीनच्या वायरी गुंडाळत होतो. "अहो मावशी," मी म्हणालो, "बाहेर जायची एवढी कसली घाई? घरातच थांबा चांगलं आठवडाभर. बाहेर कोण वाट बघतंय तुमची?"

काका मोठ्याने हसले. "ऐक! डॉक्टर बी तेच सांगत्यात. हिचा सगळा जीव खाचरात. म्हनं आर्धी आवणी ऱ्हायली."

मावशी हसल्या नाहीत. पदर नीट केला आणि भिंतीकडे तोंड केलं. माझ्या विनोदाला त्या पहिल्यांदाच काही उलट बोलल्या नव्हत्या. ते माझ्या लक्षात आलं होतं, हे सगळ्यांत वाईट. लक्षात आलं, आणि मी चहा पिऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी मी महाळुंगे पडवळला होतो. तिथल्या एका आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. नवं पक्कं घर, फरशी चकाचक. मी मशीन प्लगला लावलं आणि करंटच्या पट्ट्या ओल्या केल्या. आजोबा खुर्चीतून उठायला लागले.

"थांबा डॉक्टर. करंट लावायच्या आदी जरा बाहेर जाऊन येतो."

वॉकर टेकत ते निघाले. मी त्यांची चाल बघत होतो, टाच आधी टेकते का ते. पुढच्या दाराकडे न वळता ते स्वयंपाकघराच्या बाजूला वळले. तिथे संडास-बाथरूम होतं, घराच्या आत. त्यांनी दार लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज आला.

मी त्या दाराकडे बघत राहिलो. हातातल्या पट्ट्यांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

मी आणे गावचा. जुन्नरच्या पूर्वेच्या त्या कोरड्या पठारावर वाढलो. माझी आई आयुष्यभर "लघवी" हा शब्द बोलली नाही. बाहेर जाऊन येते, बाहेर लागलीय, पोराला बाहेर नेऊन आण. घरात संडास झाला तरी ती "बाहेर"च जायची. ज्या शब्दात मी लहानाचा मोठा झालो, तो शब्द एका बाईने लाज बाजूला ठेवून माझ्यासमोर टाकला होता, आणि मी तो शहरातल्या माणसासारखा ऐकला होता.

काकांना फोन लावला. रिंग गेली नाही. आपण ज्या ग्राहकाशी संपर्क करू इच्छिता तो सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं ती बाई अगदी शांतपणे सांगत होती. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काका वर खाचरात असणार. सुनेचा नंबर माझ्याकडे नव्हता, तो घ्यावा असं कधी सुचलंही नव्हतं.

आजोबा बाथरूममधून येऊन बघतात तर मी पायात बूट चढवत होतो.

"डॉक्टर, कुठं?"

"आजोबा, मशीनला हात लावू नका. मी येतो."

"आवो पन काय झालं?"

मी किल्ली घेऊन बाहेर पडलो. आजही महाळुंगेहून घोडेगावकडे जाताना तो रस्ता मला तसाच दिसतो. ट्रॅक्टरमागे अडकलो तेव्हा मी हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलत होतो. म्हणत होतो, दुसरं काही असू दे. घरातून बाहेरच पडता येत नाही, एवढंच म्हणायचं असू दे. मग स्वतःलाच उत्तर द्यायचो, की तसं असतं तर आवाज खाली कशाला घेतला असता? काकांकडे कशाला बघितलं असतं? "मुका" हा शब्दही आता परत आला. मुका पाय. मी मनातल्या मनात वेळ मोजत होतो. कालपासून, असं त्या काल म्हणाल्या होत्या. म्हणजे परवापासून. प्रत्येक वळणावर मला त्या खाटेवर दिसायच्या आणि त्यांचे पाय हलत नसायचे.

आणखी एक भीती होती, तीही लिहितो. घोडेगाव ओलांडताना क्षणभर मनात आलं, आता लोक काय म्हणतील? या पंचक्रोशीत मला कोणी दारात उभं करेल का? मावशींचे पाय जाणार की नाही हे अजून ठरायचं होतं आणि मी माझ्या दारांचा हिशेब करत होतो.

सून अंगणात भांडी घासत होती. मला असा अवेळी, बॅगेशिवाय आलेला बघून ती हात पुसत उठली. काका घरी नव्हते. मी तिला बाजूला घेतलं आणि विचारायला हवा होता तो प्रश्न तिला विचारला, सरळ शब्दांत. मावशींना लघवी होते का?

ती खाली बघत म्हणाली, "परवापासनं धड झालीच न्हाई. म्हनून त्या पानीच पीत न्हाईत. रात्री आंथरून ओलं झालं, तर त्यांना कळलं बी न्हाई. मला म्हनल्या, कुनाला बोलू नको. डॉक्टरांना सांगितलंय, ते म्हनले व्हईल बरं."

मी असं म्हणालो नव्हतो. पण त्यांनी माझ्या विनोदाचा तोच अर्थ लावला होता.

आत गेलो. मावशींची ओटी घागरीसारखी टच्च फुगली होती. मांडीच्या आतल्या बाजूला सुनेला चिमटा काढायला सांगितलं. "काढ की," मावशी म्हणाल्या. सून म्हणाली, "काढलाय."

पुढचं सगळं पळापळीत झालं. सून शेजाऱ्याला काकांना आणायला पाठवून आली. ॲम्ब्युलन्स मिळाली. घोडेगावात नळी घालून लघवी काढली, तिथून तडक पुणे. ॲम्ब्युलन्समध्ये मी मावशींच्या पायांशी बसलो, काका आणि सून डोक्याशी. मी सारखं म्हणत होतो, "मावशी, अंगठा वर घ्या."

"किती येळा घिऊ? तमाशातली बाई हाय का मी?"

"एकदाच घ्या."

त्या अंगठा वर घ्यायच्या आणि माझा श्वास सुटायचा. मंचर, खेड. चाकणच्या चौकात गाडी अडकली. समोर कंटेनर, मागे कंटेनर, सायरन नुसता ओरडतोय. मी म्हणालो, "अंगठा." डावा हलला. उजवा हलला नाही.

"घ्या ना वर."

"घेतलाय की," मावशी म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी हात त्या अंगठ्यावर ठेवला आणि गाडी सुटेपर्यंत तसाच ठेवला. मला वाटत होतं, मी हात काढला तर तो कायमचा जाईल. या वेडेपणाला माझ्या शिक्षणात जागा नाही, पण मी हात काढला नाही.

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात शल्यचिकित्सकांनी फोटो बघितले आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. मग ते खाटेशी आले. दमलेला, चिडलेला माणूस होता, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

"लघवी बंद होऊन दोन दिवस झाले आणि कोणाला सांगितलं नाही? का नाही सांगितलं? पाय गेले असते तुमचे. अजूनही जातील."

काका कपाळावर हात मारून म्हणाले, "आगं, त्वांड शिवलं व्हतं का तुझं? बोलायचं व्हतंस की!"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

सून दुसरीकडे बघत होती. शल्यचिकित्सक उत्तराची वाट बघत होते. त्या वेळी मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी सलाईनच्या नळीकडे बघत राहिलो.

"लाज वाटली," मावशी म्हणाल्या आणि मान वळवली.

त्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर काका माझा हात धरून बसले होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, तुमी व्हते म्हनून. मी तो हात सोडवून घेतला नाही.

पाय वाचले. उजवा अंगठा आणि पाऊल अशक्त राहिलं. चालताना ते थोडं आपटतं, म्हणून पट्टा बांधावा लागतो. लघवी हळूहळू परत आली, पण पूर्ण नाही. लागल्याचं कळत नाही. घड्याळ बघून जावं लागतं, आणि पोटावर हात दाबून बराच वेळ बसावं लागतं. वेळेत आणलं असतं तर हे टळलं असतं का? शल्यचिकित्सक म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही. त्या न सांगता येण्यात मी राहतो.

मावशी घरी आल्या त्या आठवड्यात काकांनी मला मुद्दाम बोलावलं. ओसरीवर चारदोन भावकीतली माणसं बसली होती. त्यांनी मला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर, देवावानी धावून आले राव तुमी!" मी वाकलो, टोपी घालून घेतली. मावशी आत खाटेवर बसून ते बघत होत्या. ती टोपी मी घरी नेलीच नाही. मोटरसायकलच्या बाजूच्या पेटीत बरेच महिने पडून होती, आणि हातमोजे काढताना हाताला लागली की मी झाकण लावून टाकायचो.

त्यानंतर मी शिनोलीला नियमाने जात राहिलो. दाराच्या चौकटीला धरून टाचांवर उभं राहायचं, मग चवड्यांवर. मावशी सगळं करायच्या. हसायच्याही. पण मी "आणखी काही त्रास?" असं विचारलं, की "काय न्हाई" म्हणायच्या. एवढंच. मला वाटायचं, आज बोलतील. आज नवऱ्याला सांगतील. त्या बोलत नव्हत्या, आणि मी प्रत्येक खेपेला सुटल्यासारखा घरी यायचो.

ज्या दिवशी बोललो, तो दिवस मी निवडला नव्हता. मावशी चौकटीला धरून उभ्या होत्या. शेजारची एक बाई कमरेवर हात ठेवून वाकडी वाकडी चालत दारात आली.

"आवो, उसण भरलीय लई. तुमच्या सूनबाईंचा जरा पाय लावून घ्यावा म्हनलं."

काका ओसरीवरूनच ओरडले, "नगं नगं! तिचा पाय नगं कुनाला. त्या पायानंच आमचं घर आडवं केलं."

बाई ओशाळून उभी राहिली. सून चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. हे ती पहिल्यांदा ऐकत नव्हती, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

"तिला कशापायी बोलता?" मावशी चौकट न सोडता म्हणाल्या.

"मग कुनाला बोलू? तुला? तू तर त्वांड शिवून बसलीवतीस. दोन दीस! डॉक्टर नसते तर खांद्यावर न्यावी लागली असती."

मावशींनी टाचा उचलल्या, टेकवल्या. उजवं पाऊल चपकन आपटलं.

त्या आवाजासरशी मी खाली जमिनीवरच बसलो, त्यांच्या पावलांशी, जिथे बसून मी दर खेपेला व्यायाम घेतो. समोर दार होतं, दारात ती शेजारीण होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या शिनोलीला कळणार होतं.

"काका, त्यांनी सांगितलं होतं."

"काय?"

"बाहेर जायला व्हईना, म्हणाल्या होत्या. मला. तुम्हीही इथंच होतात. आपण दोघं हसलो."

काकांना आठवलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आधी हसणं आठवलं असावं, मग शब्द. ते ओसरीच्या कडेवर हळूच बसले.

"मला त्याचा अर्थ कळायला हवा होता," मी म्हणालो. "तो प्रश्न मीच सरळ विचारायचा असतो, ते माझं काम आहे. मला लाज वाटली म्हणून मी विचारला नाही. पुण्याला डॉक्टरांनी यांना बोलणी लावली, तेव्हा मी शेजारी उभा होतो. गप्प राहिलो. तुमची टोपी घातली तेव्हाही गप्प राहिलो. आणि सूनबाईंच्या पायानं काहीही झालेलं नाही. गादी आधीच सरकलेली होती. सूनबाई, तुम्ही इतके दिवस माझ्या वाट्याचं ऐकून घेतलंत."

सून चुलीपुढून उठली नाही, पण तिने डोळ्यांना पदर लावला.

मावशी चौकटीला धरून तशाच उभ्या होत्या. मी वर बघितलं. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही.

"मला वाटलं, मीच नीट बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "रोज रात्री वाटायचं. आजून उघडून बोलायला पायजे व्हतं."

"नाही मावशी. तुम्ही नीट बोललात. मी आण्याचा आहे. माझी आई जन्मभर तोच शब्द बोलली. तुम्ही सांगितलंत आणि मी ऐकलं नाही. मला माफ करा."